पुरुषांमधील ब्रेन फॉग : लक्षणे कशी ओळखावीत आणि डॉक्टरांची मदत कशी घ्यावी

चार ओळी वाचूनही डोक्यात काही न शिरणे, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडणे, एरवी सहज होणाऱ्या हिशेबाला दुप्पट वेळ लागणे, बोलता बोलता धागा सुटणे, अशा अवस्थेला ब्रेन फॉग म्हणतात. हा स्वतंत्र आजार नसून लक्षणांचा समूह आहे आणि त्यामागची बरीच कारणे साध्या तपासण्यांत सापडतात व उपचारांनी आटोक्यात येतात. तरीही अनेक पुरुष ‘कामाचा ताण आहे’ असे म्हणून हा त्रास महिनोन्महिने अंगावर काढतात, किंवा स्वतःच्या मनाने शक्तिवर्धक औषधे सुरू करतात. दोन्हींमुळे निदान लांबते.

पहिली पायरी : तातडीची लक्षणे ओळखा
गोंधळलेपण अचानक आले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, असह्य डोकेदुखी सुरू झाली किंवा तापासोबत मान आखडली, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पक्षाघाताची लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. डोक्याला मार लागलेला असेल तर तोही सांगावा; विशेषतः वयस्कर किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीत किरकोळ माराचा परिणाम कधीकधी काही आठवड्यांनी दिसतो.

दुसरी पायरी : दोन आठवडे नोंद ठेवा
तातडीचे काही नसेल, तर त्रास कधी वाढतो, केव्हा कमी होतो, झोप किती झाली, जेवण व मद्यपान केव्हा झाले, हे रोज थोडक्यात लिहावे. ‘थकवा वाटतो’ या दोन शब्दांवरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. ‘गेल्या तीन महिन्यांपासून दुपारनंतर बैठकीत लक्ष लागत नाही आणि गाडी चालवताना डुलकी येते’ या वाक्यावरून तपासाला दिशा मिळते. घरच्यांनाही विचारावे, कारण विसरभोळेपणा आणि चिडचिड बहुधा त्यांच्याच लक्षात आधी येते.

तिसरी पायरी : झोपेचा विचार आधी करा
माझ्या मते पुरुषांच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारे कारण हेच आहे. झोपेत श्वसनमार्ग वारंवार बंद होण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अधिक आढळतो. वाढलेले वजन आणि जाड मान यांमुळे त्याचा धोका वाढतो. या विकारात माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण श्वास अडल्यामुळे झोप पुन्हा पुन्हा मोडते आणि सकाळी डोके जड राहते. मोठ्याने घोरणे, श्वास थांबल्याचे जोडीदाराला दिसणे आणि दिवसा झोप अनावर होणे या त्याच्या खुणा होत. दिवसा किती झोप येते हे मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ प्रसंगांसाठी मिळून ० ते २४ गुण असतात. १० पेक्षा जास्त गुण आल्यास झोपेची चाचणी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

चौथी पायरी : औषधांची आणि मद्याची खरी माहिती द्या
सर्दीच्या व ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके आणि लघवीच्या घाईवरची काही औषधे विचारशक्ती मंदावतात. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र त्यांना न विचारता बंद करू नये. रोज भरपूर मद्य घेणाऱ्यानेही ते एकदम सोडू नये, कारण त्यातून आकडीचे झटके येऊ शकतात.

पाचवी पायरी : तपासण्या आणि टेस्टोस्टेरॉन
आधी फॅमिली डॉक्टरांकडे जावे. रक्तगणना, रक्तातील साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्यांपासून सहसा सुरुवात होते. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असण्याची शक्यता अधिक असते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आवर्जून सांगा, कारण त्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, कमी असल्याची शंका कामेच्छा घटणे, सकाळचे ताठरपण कमी होणे अशी लक्षणे सोबत असल्यास घ्यावी. त्याची पातळी सकाळी सर्वाधिक असते, म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी देतात आणि निदानासाठी दोन वेगवेगळ्या दिवशीचे अहवाल लागतात. एका अहवालावर इंजेक्शने सुरू करणे धोक्याचे आहे: बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती घटते, त्यामुळे मूल हवे असलेल्या पुरुषाने हा मुद्दा आधीच मांडायला हवा.

नैराश्याविषयी डॉक्टरांनी विचारले तर प्रश्न टाळू नये. पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा संताप, चिडचिड किंवा वाढत्या मद्यपानातून व्यक्त होऊ शकते आणि एकाग्रता ढळणे हे त्याचे एक मुख्य लक्षण आहे. जगू नये असे विचार येत असतील, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

सहावी पायरी : पाठपुरावा करा
थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते, त्यामुळे चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून औषध सोडू नये. सर्व अहवाल सामान्य येऊनही त्रास कायम असेल, तर पूर्वी झालेल्या कोविडचा उल्लेख करावा, स्मरणशक्तीच्या चाचणीविषयी विचारावे आणि गरजेनुसार मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा झोपेच्या विकारांचे तज्ज्ञ यांच्याकडे पाठवण्याची विनंती करावी. जाताना जुने अहवाल आणि दोन आठवड्यांची नोंदवही सोबत न्यावी.