पाळलेला पक्षी अचानक गेला? पहिल्या दिवसात या चुका टाळा

आमचा चिकू, म्हणजे घरातला छोटा पोपट (बजरीगर), गेला त्या दिवशी पहिली चूक मी तासाभरातच केली. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर तो खाली अंथरलेल्या पेपरवर पडलेला, चोचीला राळ्याचं एक टरफल चिकटलेलं. आदल्या संध्याकाळपर्यंत घंटीशी भांडत होता. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली गं." मी त्याला रुमालात गुंडाळलं आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरून आले. दुपारी डॉक्टरांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न: "पक्षी फ्रीजमध्ये ठेवलाय ना?"

तेव्हा कारण कळावं असं वाटत असेल तर पुरायची घाई करू नका. हातमोजे घालून पक्षी पिशवीत बंद करा, पिशवी झाकणाच्या डब्यात आणि डबा फ्रीजमध्ये, खाण्यापिण्यापासून लांब. घरच्यांनी नाकं मुरडली तरी चालेल. फ्रीझरमध्ये मात्र नको. गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. शवविच्छेदन होईल तितकं लवकर, शक्यतो दिवसभरात व्हावं. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग निदान प्रयोगशाळा आहे. तिथे थेट जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. पिंजऱ्यातला विष्ठेचा कागद आणि दाण्याची पिशवीही टाकू नका. मी दोन्ही कचऱ्याच्या गाडीत दिलं होतं.

दुसरी चूक, आरोपी शोधणं. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत तीन झाले: मच्छर अगरबत्ती, नवऱ्याने उघडी ठेवलेली खिडकी आणि मी. खरं तर पक्षी आजारपण लपवतात. रानात अशक्त दिसणारा पहिला टिपला जातो, ती सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. आपल्याला 'एका रात्रीत' वाटतं ते कित्येकदा बऱ्याच दिवसांचं असतं. मादीच्या पोटात अंडं अडकतं, पिंजऱ्याच्या तारेवरचं जस्त कुरतडून विषबाधा होते, रात्री दचकून पक्षी जाळीवर आदळतो. धूरही खरा शत्रू आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर आपल्याला जेमतेम वास येतो आणि पक्षी काही मिनिटांत जातो. पण आमच्याकडे त्याच पिंजऱ्यातली चिमी ठणठणीत होती, म्हणजे धुराचा संशय जरा मागे पडतो. याहून पुढे आम्हाला काहीच कळलं नाही. कळायचा रस्ता मीच पुरून आले होते.

एका पाठोपाठ दोन-तीन पक्षी गेले, किंवा आसपास कावळे-कोंबड्याही मरताना दिसल्या, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. घरात कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पक्षी गेल्याचं आवर्जून सांगा. पोपटवर्गातल्या पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा आजार आहे आणि सांगितल्याशिवाय तो कुणाच्या डोक्यात येत नाही. पिंजरा कोरडा झाडू नका. आधी ओला करा, मास्क लावून पुसा.

मुलीला आम्ही "उडून गेला" सांगितलं. ही सगळ्यात वाईट चूक. चार दिवस ती बाल्कनीत राळ्याची वाटी ठेवत होती, आणि रोज सकाळी ते दाणे कबुतरं संपवायची. पाचव्या दिवशी खरं सांगावं लागलं तेव्हा ती चिकूसाठी कमी आणि आमच्या खोटेपणासाठी जास्त रडली.

आणि लगेच रविवारी दुकानातून जोडीदार आणू नका. चिमी दिवसभर हाका मारायची, जीव तुटायचा, हे खरं. पण चिकूला काय झालं होतं ते माहीत नसताना नवा पक्षी त्याच पिंजऱ्यात सोडणं म्हणजे जुगार. आणायचाच तर महिनाभर तरी दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. तोवर राहिलेल्याला डॉक्टरांना दाखवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा त्याचं वजन करा. बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा. त्यात 3-4 ग्रॅम कमी झाले तरी डोळ्यांना दिसत नाहीत, काट्याला दिसतात. चिमी काट्यावर उभी राहत नाही, म्हणून आम्ही तिला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवतो.