परदेशी शिक्षणाची तयारी: त्याच त्या चुका आता तरी टाळा

"सगळं झालंय काकू, फक्त व्हिसाचं बाकी आहे," असं म्हणत जो दारात उभा राहतो, त्याचं बहुतेक काहीच झालेलं नसतं. ऑफर लेटर आलेलं असतं, केक कापतानाचा फोटो इन्स्टाग्रामवर गेलेला असतो, आणि फाईल उघडावी तर तीन कागदांवर तीन नावं. मी एजंट नाही. कॉलेजात शिकवत होते, निवृत्त झाले. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडीकडची ओळखीची मुलं कागद दाखवायला येतात, मी बघते. फी घेत नाही, त्यामुळे बोलायला मोकळी आहे.

प्रवेश मिळणं हल्ली त्यातल्या त्यात सोपं झालंय. गाडी अडते ती घरच्या कपाटातल्या कागदांवर. ते कपाट अर्ज करायच्या निदान वर्षभर आधी उघडायचं असतं. आमच्याकडे ते ऑफर आल्यावर उघडतात.

एका माणसाची चार नावं

बडोद्यातल्या मराठी घरात हा घोळ दुप्पट. मार्कशीटवर इथल्या रिवाजाप्रमाणे आडनाव पहिलं. वडील आधारवर दिगंबर, जन्मदाखल्यावर दिगंबरभाई, आणि मुलाचं नाव शाळेत घालायला आजोबा गेले असतील तर दिगंबरराव. जन्मदाखला गुजरातीत, त्यावरून इंग्रजी स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं. कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. बाप-लेकाच्या आडनावात एका अक्षराचा फरक असलेली घरं मी किती बघितली असतील!

"एवढ्याशा गोष्टीने काय होतंय?" हे मुलांचं आवडतं वाक्य. काय होतं ते सांगते. ओळखीतल्या एका मुलीला ब्रिटनमध्ये प्रवेश मिळाला. पैसे वडिलांच्या खात्यात, व्यवस्थित, कोणाकडून उसने न घेतलेले. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला आई-वडिलांच्या खात्यातले पैसे चालतात, पण मग हे तुमचेच आई-वडील आहेत हे जन्मदाखल्याने दाखवावं लागतं, आणि त्यांचं संमतिपत्र जोडावं लागतं. दाखला लॉकरमधून काढला तर बाळाच्या नावाचा रकाना कोरा! दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि नंतर कोणी नाव घालायला गेलंच नाही. त्या पिढीच्या दाखल्यांत हे सर्रास दिसतं. वर वडिलांच्या नावाला 'भाई', जो बँकेच्या खात्यात नाही. ऑगस्ट अर्धा सरला होता, कोर्स सप्टेंबरचा. नाव घालून नवा दाखला, इंग्रजी भाषांतर, नोटरीचं प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा संमतिपत्र. प्रत्येक ठिकाणी "उद्या या". विद्यापीठाने जानेवारीच्या बॅचमध्ये घेतलं म्हणून बरं. तेही त्या कोर्सला जानेवारीची बॅच होती म्हणून. सगळ्या कोर्सना नसते.

माझी सवय अशी: वहीचं एक पान घ्यायचं आणि दहावी, बारावी, पदवी, पासपोर्ट, आधार, पॅन, जन्मदाखला, यांवरचं आपलं आणि आई-वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर जसं छापलंय तसं उतरवायचं. फोनवर नाही, वहीत; लिहिताना डोळ्याला फरक सापडतो. पासपोर्ट हा प्रमाण धरायचा आणि बाकीचे कागद त्याच्याकडे वळवायचे. पासपोर्टच एकटा वेगळा निघाला तर आधी तोच बदलून घ्यायचा, कारण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं त्याच नावाने होतं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. पूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबलं की अमेरिकेच्या व्हिसावर ते सगळं आडनाव होतं, आणि नावाच्या जागी एफएनयू ('फर्स्ट नेम अननोन') ही तीन अक्षरं येऊन बसतात. प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण ते टेकू आहे. दुरुस्त होण्यासारखा कागद आळसाने तसाच ठेवून त्याला टेकू लावण्यात काय शहाणपण?

"कर्जाला वाडा आहे ना!"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. सरकारी बँका परदेशी शिक्षणाच्या कर्जाला साधारणपणे साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँकांच्या बिनतारण योजना आहेत, पण आपलं विद्यापीठ त्या यादीत बसतं का, हे अर्ज करण्याआधी बघायचं असतं. ते बघण्याऐवजी घरात 'आजोबांचा वाडा आहे, कोटींचा आहे' एवढ्यावर सगळं निवांत चालतं.

रावपुऱ्याकडचं एक घर. मुलगा हुशार, अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) हवा तर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, आणि त्यासाठी कर्जमंजुरीचं पत्र. बँकेच्या वकिलाने वाड्याचे कागद मागितले तेव्हा कळलं की सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबाच आहेत. वारसाई कोणी केलीच नव्हती. मग वंशावळ मांडली गेली: पुण्याचे काका, उज्जैनच्या आत्या, आणि एक चुलत आजोबा, ज्यांच्याशी कुठल्याशा मुंजीत मानपानावरून बिनसलं तेव्हापासून बोलणं बंद. सगळ्यांच्या सह्या हव्या. आत्या म्हणाल्या, "सही करते की, नाही कशाला म्हणू? पण मग वाटणीचंही एकदाच बोलून घेऊ." झालं! मुलाचं शिक्षण राहिलं बाजूला आणि गणपती येईपर्यंत वाटणीवर खल चालला. तोवर तिकडचं सत्र सुरू होऊन गेलं होतं. विद्यापीठाने प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलू दिला, आणि शेवटी खासगी वित्तसंस्थेकडून चढ्या व्याजाने कर्ज घेऊन मुलगा गेला. वाडा आहे तिथेच आहे. पणजोबांच्याच नावावर.

एकापेक्षा जास्त वारस असलेली जागा तारणात धरूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच्या नावावरचा फ्लॅट, मुदत ठेव, विमा पॉलिसी, असलं काही असेल ते मोजा आणि तेवढ्यात बसेल तो देश निवडा. मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असतानाच कागद घेऊन बँकेत जा. शाखा व्यवस्थापक हसला तर हसू दे. गुजरात सरकारची बिनअनामत (म्हणजे आरक्षण नसलेल्या) वर्गासाठी परदेशी अभ्यासाच्या कर्जाची योजनाही आहे, १५ लाखांपर्यंत, ४ टक्के व्याजाने. तिची पात्रता आणि तारखा वेळेवर बघत चला. आणि एक हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शिक्षणाचे पैसे स्वतःच्या खात्यातून पाठवले तर वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर नाही. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती होते, पण ऐन फीच्या दिवशी तेवढे पैसे कमी पडले की धावाधाव होते.

पैसे 'दाखवण्या'पुरते गोळा करणारेही पुष्कळ. मामाकडून पाच, शेजाऱ्याकडून तीन, चार दिवस खात्यात ठेवायचे आणि स्टेटमेंट काढायचं. ब्रिटनला रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मधे एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. आणि ते स्टेटमेंट अर्जाच्या दिवशी ३१ दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. मामाच्या खात्यातले पैसे तर तिथे मोजलेच जात नाहीत, मामा कितीही प्रेमळ असला तरी.

जर्मनी फुकट आहे म्हणे

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता परदेशी विद्यार्थ्यांना फी लावली आहे. शिवाय पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरून ठेवावे लागतात; त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं (भारतातले शैक्षणिक कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं) प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लागतात. हरवलेली मार्कशीट मे महिन्यात शोधणाऱ्यांनो, हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला संपते!

सरकारी जर्मन विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, म्हणून आमच्या बडोद्याच्या अलकापुरीतल्या गारेगार ऑफिसात तुम्हाला नेमकं एखादं खासगी जर्मन विद्यापीठ 'सर्वात योग्य' म्हणून सुचवलं जातं. मोफत सल्ल्याचे पैसे कोण देतं, हे विचारायला लाजू नका. एजंट घ्या, मी नको म्हणत नाही, पण अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड तुमचा हवा. स्वतःच्या अर्जात काय लिहिलंय हे ठाऊक नसलेली मुलं माझ्यासमोर बसतात. कॅनडात २०२३ मध्ये कित्येक भारतीय विद्यार्थ्यांची ऑफर लेटरं बनावट निघाली, तीही तिथे शिकून नोकरीला लागल्यावर. ज्या कॉलेजने ऑफर दिली त्याच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः एक ईमेल टाकून खात्री करायला दहा मिनिटं लागतात.

आयईएलटीएसला गैरमार्गाने गुण मिळवायचा शॉर्टकट तर बोलूच नये असा. २०२२ साली अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या नदीत बुडत्या बोटीतून मेहसाणा भागातले तरुण पकडले गेले. गाठीशी आयईएलटीएसचे साडेसहा-सात बँड, म्हणजे चांगले गुण, आणि न्यायाधीशांनी विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देता येईना. तिथून इकडच्या परीक्षा केंद्राची चौकशी सुरू झाली. गुण दोनच वर्षं चालतात, तेव्हा फार आधीही देऊन ठेवू नका.

एसओपीतले सयाजीराव

बडोद्याच्या दर दुसऱ्या मुलाचा एसओपी, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' असं अर्जासोबतचं निवेदन, १९१३ सालापासून सुरू होतो. सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. अभिमानाची गोष्ट आहे, मला पाठ आहे. पण वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुम्ही शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये काय केलंत हे हवं असतं, आणि त्याला एसओपीत दोन ओळी. बाकीचे 'लहानपणापासून मला कॉम्प्युटरचं आकर्षण' लिहितात किंवा चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. मी पहिल्या परिच्छेदावर सरळ काट मारते. पुष्कळदा दुसरा परिच्छेद बरा असतो.

त्या शिष्यवृत्तीतली घेण्याजोगी बाब कोणी लिहीत नाही: करारात परत येऊन संस्थानात दहा वर्षं नोकरीची अट होती. शिष्यवृत्तीच्या अटी वाचायच्या असतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी कळलेला एक मुलगा मला ठाऊक आहे. त्याला अनुभव होता, परतायचं मात्र मनात नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

बाकी किरकोळ. केटी, म्हणजे राहिलेला विषय, लपवू नका; ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यात, ती दिसतेच. शिफारसपत्र सरांच्या कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ द्या, तुम्ही उघडलेल्या जीमेलवरून नको. ट्रान्स्क्रिप्टच्या सीलबंद प्रती जास्तीच्या घ्या आणि ते पाकीट कुतूहलाने फोडू नका. ब्रिटनची दर वर्षाची ७७६ पौंडांची आरोग्य फी व्हिसाबरोबर एकदम भरावी लागते, ती धरा. अमेरिकेच्या मुलाखतीला पाठ केलेली उत्तरं नेऊ नका. आणि फेसबुकवर फोटो बघून घराचं डिपॉझिट पाठवू नका. पहिला महिना विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे काढा, घर डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या.