गावातील क्रांतिकारकाचा इतिहास कसा शोधावा

गावात एखाद्या क्रांतिकारकाचा पुतळा असतो, पुण्यतिथीला त्याला हार घातला जातो. पण त्याने नेमके काय केले, त्याच्याबरोबर कोण होते आणि खटल्यात कोणी काय जबानी दिली, हे विचारले तर दोन वाक्यांपलीकडे कोणाला सांगता येत नाही. गावातीलच एखाद्या चिकाटीच्या माणसाने वेळ दिला, तर ही उणीव भरून निघू शकते.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करावी. १९४२ नंतरच्या लढ्यातील माणूस असेल, तर वारसांकडे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना दिलेला ताम्रपट असण्याची शक्यता असते. निवृत्तिवेतनासाठी कारावासाचा पुरावा द्यावा लागत असल्याने अर्जासोबत जोडलेला तुरुंगाचा दाखलाही अनेकदा तिथेच सापडतो. त्यावरील कैदेच्या तारखा पुढच्या शोधाचा पाया ठरतात.

त्यानंतर मुंबई किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात जावे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील बऱ्याच फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. फाईल शोधताना आजचा जिल्हा गृहीत धरू नये. इंग्रजी राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९४३ मध्ये ते औंध संस्थानात होते. वासुदेव बळवंत फडके २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगी येथे पकडले गेले. ते गाव पुढे विजापूर जिल्ह्यात गणले गेले, मात्र त्या वेळी जिल्ह्याचे नाव कलादगी होते.

खरी कसोटी कागद हातात आल्यावर लागते, कारण तो कागद ज्यांच्याविरुद्ध लढा होता त्यांनीच लिहिलेला असतो. फडक्यांचा उल्लेख सरकारी लिखाणात दरोडेखोर म्हणून येतो. आरोप मात्र केवळ दरोड्याचा नव्हता, सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या प्रयत्नाचाही होता, आणि त्यांचे बचावाचे काम सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी पाहिले. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त पुरावा म्हणून न्यायालयात मांडले गेले, आणि लष्करी हिशेब खात्यातील हा कारकून दुष्काळात उपाशी मरणारी माणसे पाहून किती व्याकूळ झाला होता, हे आपल्याला त्याच कागदांतून कळते. म्हणून सरकारी फाईल शत्रूची आहे म्हणून टाकून देऊ नये. विशेषणे बाजूला ठेवावीत आणि तारखा, गावे, जप्तीच्या याद्या व साक्षीदारांची नावे तेवढी उतरवून घ्यावीत.

कबुलीजबाब वाचताना अधिक सावध राहावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नसे, त्यामुळे आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून ती नोंदवली जाई. अटकेची तारीख आणि कबुलीची तारीख यांत किती दिवस गेले आणि ते दिवस आरोपी कोणाच्या ताब्यात होता, हे आधी पाहावे. नंतर त्याने ती कबुली मागे घेतली का, हे तपासावे. माफीच्या साक्षीदाराची जबानी दुसऱ्या पुराव्याचा आधार मिळेपर्यंत कच्चीच मानावी.

गावात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींनाही हाच न्याय लावावा, मग त्या कितीही अभिमानाच्या असोत. मे १८७९ मध्ये पुण्याचा बुधवार वाडा जळाला तेव्हा फडक्यांच्या बंडाशी त्या आगीचा संबंध जोडला गेला. तपासाअंती शिक्षा झाली ती सरकारी पुस्तक भांडारातील एका कर्मचाऱ्याला. मात्र आठवण चुकीची ठरली तरी खोडून टाकू नये, कारण लोकांना काय खरे वाटत होते, हे ती सांगते. ‘प्रतिसरकार’चे लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ झाले. वृद्ध माणूस जे नाव घेईल तेच टिपणात लिहावे, त्याचे शब्द सुधारू नयेत.

मुलाखत घेताना केवळ पुढाऱ्याविषयी विचारू नये. भाकऱ्या पोहोचवणाऱ्या बायका, निरोपे आणि भूमिगतांना आसरा देणारी कुटुंबे यांची नावे खटल्याच्या कागदांत फारशी येत नाहीत. शोधातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो, आणि सांगणारी माणसे थकत चालल्याने तो आधी करावा.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे फाईलचा क्रमांक किंवा सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदवावी. दोन हकिगती जुळत नसतील तर दोन्ही द्याव्यात, आणि तयार टिपणाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.