आधी वेलदोडा, मग चष्मा: ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी पाचही इंद्रियांनी समजून घेताना

मी कोल्हापुरात सातवी-आठवीच्या मुलांची विज्ञान शिबिरं घेते. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे खऱ्या जगात यंत्राने तयार केलेलं काही मिसळणं, असं म्हटलं की मुलं लगेच फोनचा कॅमेरा उघडतात. मी फोन बाजूला ठेवायला लावते आणि वेलदोड्याची पूड काढते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. चिमूटभर पिठीसाखरेत वेलदोड्याची पूड मिसळा, पण काय मिसळलंय ते सांगू नका. समोरच्याने डोळे मिटून, नाक घट्ट दाबून ती जिभेवर घ्यावी. नुसतं गोड लागतं. पाच-सहा सेकंदांनी नाक सोडायला सांगा. गेल्या शिबिरात एक मुलगी डोळे न उघडताच ओरडली, "बाई, पेढा!" जिभेवर तेच होतं, घशामागून वास नाकात चढला होता. टोकियो विद्यापीठात ताकुजी नारुमी आणि सहकाऱ्यांनी हाच रस्ता धरला. बिस्कीट साधंच, पण डोक्यावर चष्म्यासारख्या घातलेल्या पडद्यातून चॉकलेटचं दिसणारं, आणि सोबत नळीतून चॉकलेटचा वास. बऱ्याच खाणाऱ्यांना चवच बदललेली वाटली.

आता कान आणि त्वचा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण मुलांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास इथे हलतो. माइकचा आवाज लगेच इअरफोनमध्ये ऐकवणारं आणि ट्रेबल, म्हणजे आवाजातला उंच, तीक्ष्ण भाग, वाढवता येणारं ॲप घ्या. माइकजवळ तळहात चोळा, मग ट्रेबल हळूहळू चढवा. हात कोरडे, कागदासारखे वाटू लागतात. फिनलंडच्या योउस्मॅकी आणि हारी या संशोधकांनी हा परिणाम १९९८ मध्ये मांडला. इअरफोन मात्र वायरचाच हवा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागून येतो आणि हात पुन्हा आपलेच होतात.

हा उशीर नीट अनुभवला की संशोधक रोनाल्ड अझुमा यांची ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची १९९७ ची व्याख्या सोपी जाते. खऱ्या जगात कृत्रिम काही मिसळलेलं असावं, त्याने त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा आणि ते त्रिमितीत जागच्या जागी बसावं. तिसरी अट कानाने तपासा. इअरफोनमधला आवाज खिडकीकडून येतोय असं वाटत असताना मान वळवा. आवाज खिडकीशीच राहिला तर अट पुरी झाली, मानेबरोबर फिरला तर नाही. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोचतो. मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो, म्हणून मान वळली की यंत्राला तो फरक तत्काळ बदलावा लागतो.

आता पुन्हा जिभेकडे. जपानमध्ये २०२४ साली किरिन कंपनीने सौम्य विजेने खारटपणा वाढवणारा चमचा विकायला आणला. मुलांना त्याबद्दल जरूर सांगा, पण घरी जिभेला वीज लावायचा प्रयोग अजिबात नको.

आणि कुणाला सर्दी असेल तर त्याला वेलदोडा देऊ नका, थेट हात चोळायला बसवा.