खेळपट्टी पाहून टप्पा कसा ठरवावा: ठाणे-नवी मुंबईच्या क्लब गोलंदाजांसाठी

टॉसच्या आधी पीचभोवती घोळका जमतो. कोणी म्हणतं पाटा आहे, म्हणजे फलंदाजांची चैन, कोणी म्हणतं लंचनंतर वळेल. गोलंदाजाने ते ऐकून सोडून द्यावं. त्याला ठरवायचं असतं एवढंच, की आज टप्पा कुठे टाकायचा.

सुरुवात माळ्यापासून करा. शेवटचं पाणी कधी मारलं, रोलर किती फिरला, पट्टी ताजी आहे की गेल्या रविवारचीच. या तीन उत्तरांत निम्मं काम होतं. मग अंगठा अलगद टेकवून ओल पाहा. स्पाइक्सने उकरू नका, अंपायर आधी तिथेच बघतो.

नोव्हेंबर ते जानेवारीत खाडीकाठच्या मैदानांवर सकाळी दव असतं. अशा ओलसर पट्टीत चेंडूची शिवण रुतते आणि टप्प्यानंतर चेंडू कुठल्याही बाजूला निघतो. मध्यमगती गोलंदाजाने हा पहिला तास बाउन्सर टाकण्यात घालवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. वेगवान गोलंदाजाची गुड लेंग्थ, म्हणजे फलंदाजाला पुढे जावं की मागे हे कळू न देणारा टप्पा, यष्टींपासून साधारण ६ ते ८ मीटर धरतात. क्लबच्या वेगाला ती थोडी पुढे, फलंदाजाला ड्राइव्हचा मोह होईल अशी ठेवा. ऊन चढलं की शिवणीची मदत कमी होते. तेव्हा हट्ट न करता टप्पा किंचित मागे घ्या आणि स्टंपात टाका.

माती लाल असेल तर उसळी चांगली मिळते, आणि पट्टी सुकून भुगा सुटू लागला की फिरकीही. काळ्या मातीत चिकणमाती जास्त असते. ती सुकताना भेगाळते आणि चेंडू बरेचदा थांबून, खाली राहून येतो. तिथे आखूड टप्प्याला अर्थ नाही, पायचीत आणि त्रिफळा यांच्याच मागे लागा.

पण रंगावरून काढलेला अंदाज पहिल्या दोन षटकांत तपासलाच पाहिजे. सगळ्यात खरी बातमी कीपरकडे असते. चेंडू कमरेला घेतोस की घोट्याजवळ, हे त्याला प्रत्येक षटकानंतर विचारा. एकाच टप्प्यावरचे दोन चेंडू वेगवेगळ्या उंचीवर आले, तर त्या जागेवरून हलू नका. वेगळं काही करायची खुमखुमी गोलंदाजांनाच जास्त असते.

ऑफस्पिनरने आपल्याच वेगवान गोलंदाजांचे पाय बघावेत. उजव्या हाताने ओव्हर द विकेट, म्हणजे यष्टींच्या डाव्या बाजूने, टाकणाऱ्याच्या पायांनी पडलेले खड्डे, दुसऱ्या टोकाकडून टाकताना, डावखुऱ्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर येतात. तिथे पडलेला ऑफब्रेक बाहेर वळतो. पट्टी वळत असली तरी प्रत्येक चेंडू हातभर वळवायचा नसतो. डिसेंबर २०२३मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंग्लंडविरुद्धच्या महिला कसोटीत दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले. तिच्या गोलंदाजीची चित्रफीत बघायचीच असेल तर वळण नव्हे, टप्पा बघा.

मॅटिंगवर हिशेब वेगळा. चटई ताणून बसवली असेल तर उसळी मिळते आणि कटर, म्हणजे बोटांनी कापून टाकलेला चेंडू, बोलतो. ढिली असेल तर चेंडू मंदावतो. खेळण्याआधी चारही बाजूंनी फिरून खिळे पाहून घ्या.

पावसाळ्यात १९४८पासून चालत आलेल्या कांगा लीगमध्ये, मुंबईच्या क्लब स्पर्धेत, न झाकलेल्या पट्ट्या भेटतात. तिथे खरी धोकादायक वेळ पट्टी सुकू लागल्यावरची. वेग कमी करा, चेंडू पुढे टाका, बाकीचं मातीवर सोडा.

प्रकाशझोतातल्या सामन्यात उलटं होतं. रात्री दव पडलं की चेंडू ओला होतो, बोटांतून सुटतो आणि बॅटवर सरळ घसरत येतो. फिरकी गोलंदाजाने उंची कमी करून चेंडू जरा जोरात, स्टंपात टाकावा. वेगवान गोलंदाजाने यॉर्कर धरावा. कोरडा रुमाल खिशात असू द्याच, पण अंपायरच्या परवानगीने वापरा. आणि नेट्समध्ये आठवड्यातून एकदा जुना चेंडू बादलीत बुडवून त्यानेच चार-पाच षटकं टाका.