जुना कोड काढायचं काम मागून घ्या

नव्या टीममध्ये पहिल्याच आठवड्यात ‘जरा जुना कोड साफ कर’ असं सांगितलं की बहुतेकांचं तोंड उतरतं. माझं मत उलटं आहे. नवं फीचर लिहिताना प्रोजेक्टचा एक कोपरा कळतो. एक फंक्शन काढायचं म्हटलं की ते कुठून कुठून वापरलं जातं हे शोधत सगळा प्रोजेक्ट पालथा घालावा लागतो.

सुरुवात गिट ग्रेपने, म्हणजे सगळ्या कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडने करा. पण नाव इतरत्र सापडलं नाही म्हणजे फंक्शन मेलं, असं नाही. पायथनमध्ये ‘एक्सपोर्ट_’च्या पुढे ‘पीडीएफ’ जोडून गेटॲट्रने (नावावरून फंक्शन मिळवून देणाऱ्या सोयीने) फंक्शन उचललेलं असू शकतं. तेव्हा वापराच्या ठिकाणी पूर्ण नाव कुठेच लिहिलेलं नसतं. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), टेम्प्लेट, कॉन्फिग हीसुद्धा पाहायची ठिकाणं. व्हल्चरसारखं न वापरलेला पायथन कोड शोधणारं टूल संशयितांची यादी देतं, निकाल देत नाही. शंका उरलीच तर त्या फंक्शनमध्ये लॉगची एक ओळ घाला आणि निदान महिनाअखेर उलटू द्या. वर्षातून एकदाच चालणाऱ्या रिपोर्टचं मात्र माणसांनाच विचारावं लागतं.

डिपेन्डन्सीचा, म्हणजे प्रोजेक्ट ज्यांवर अवलंबून असतो त्या बाहेरच्या लायब्ररींचा घोळ वेगळा. जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमध्ये लायब्ररींची यादी असलेल्या पॅकेज डॉट जेसनमधली एक ओळ हाताने पुसली, आपल्या मशीनवर सगळं चालतंय, सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड पडतो. बऱ्याचदा कोडमध्ये भलतीच लायब्ररी इम्पोर्ट केलेली असते, जी यादीत कधी नव्हतीच. काढलेल्या लायब्ररीच्या मागोमाग ती येत होती. म्हणून एनपीएम अनइन्स्टॉलनेच काढा, म्हणजे लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉकफाइलही बदलते. मग आपल्याच मशीनवर ‘एनपीएम सीआय’ ही कमांड चालवा. ती नोड मॉड्यूल्स हा लायब्ररींचा फोल्डर पुसून पुन्हा भरते. टेस्ट त्यानंतर.

‘पडून आहे तर राहू दे’ म्हणणारे भेटतीलच. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचला नाही. तिथे पॉवर पेग हा वापरातून गेलेला कोड तसाच होता आणि त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी घेतला होता. फ्लॅग चालू होताच तिथे जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त गेले.

कोड कॉमेंट करून ठेवू नका, सरळ काढा. गिटमध्ये तो आहेच. एका कमिटमध्ये एकच गोष्ट काढा, म्हणजे रिव्हर्ट सोपं जातं. पुल रिक्वेस्टमध्ये कुठे कुठे शोधलं तेही लिहा, रिव्ह्यू करणारा आधी तेच विचारणार. डेटाबेसमधल्या कॉलमला लगेच हात लावू नका: आधी त्याला वाचणारा-लिहिणारा कोड काढून डिप्लॉय करा, कॉलम पुढच्या रिलीजमध्ये.