लहान बाळाला घेऊन कोकणात समुद्रावर जाताय? या चुका टाळा

लेक पावणेदोन वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा तिला घेऊन दापोलीकडे गेलो, त्यानंतर दीड वर्षात अजून तीनदा, आणि प्रत्येक वेळी काही ना काही चुकलं आणि त्यातून शिकलो. आता मैत्रिणी विचारतात की एवढ्या लहान मुलीला घेऊन कसं काय जमवता, तेव्हा मी सगळ्यांना एकच सांगते, कोकणात बाळाबरोबर दोनच घड्याळं बघायची, एक भरती-ओहोटीचं आणि एक बाळाच्या झोपेचं. ही दोन जुळली की बाकी सगळं आपोआप बसतं, आणि नाही जुळली की कितीही भारी रूम घ्या, ट्रिप रडारडीतच जाते.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून चार गावं ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती घरी बसूनच होते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग केळशी, आंजर्ले, मुरूड, कर्दे, जमलं तर गुहागर, असं तीन दिवसात कोंबलेलं असतं. नकाशात बोटाएवढं अंतर दिसतं पण मध्ये खाड्या आहेत ना! हरिहरेश्वरहून दापोली तालुक्यात यायचं तर बागमांडला-वेसवी फेरीबोट, दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळ-धोपावे फेरीबोट, आणि ही दाभोळची फेरी चुकली किंवा रात्रीची बंद झाली की थेट चिपळूणवरून वळसा. त्यात रस्ते वळणाचे, कारसीटमध्ये बांधलेलं लेकरू किती वेळ गप्प बसणार?

फेरीबोट टाळा असं अजिबात म्हणत नाहीये, उलट आमच्या लेकीला समुद्राएवढीच ती आवडते, गाड्या आत चढताना बघून टाळ्या वाजवते. फक्त त्या दिवशी तेवढंच ठेवा. एक गाव, एक पुळण म्हणजे एकच वाळूचा किनारा, निदान तीन रात्री.

अजून एक, बुकिंग करताना मुरूड कुठलं ते नीट बघा. एक रायगडातलं जंजिऱ्याचं मुरूड आणि एक दापोलीचं मुरूड, महर्षी कर्व्यांचं. मध्ये राजपुरीची आणि बाणकोटची अशा दोन खाड्या आहेत. आमच्या ओळखीतले एक जण बाळाला घेऊन संध्याकाळी चुकीच्या मुरूडात पोचले होते.

भरतीची वेळ न बघता चटई टाकणं

आमच्याबरोबर हे पहिल्याच दिवशी झालं. साडेपाच वाजता छान सपाट ओली वाळू बघून तिथेच चटई टाकली, डायपरची बॅग ठेवली, लेक वाटी-चमच्याने वाळू उकरत बसली, पाणी तर कुठच्या कुठे लांब होतं. आम्ही फोटो काढत होतो आणि बघता बघता एक लाट आली ती चटईखालून आत गेली, बॅग ओली, सगळे कपडे ओले, आणि लेक कमरेएवढ्या पाण्यात बसलेली, घाबरून आवाजच फुटेना तिचा. मी तिला उचललं तेव्हा माझेच हात थरथरत होते. सपाट किनाऱ्यावर पाणी असंच येतं, आवाज न करता, आणि बाजूने खळग्यातून आधी मागे जातं मग पुढून येतं.

होमस्टेवाल्या काकूंनी रात्री सांगितलं की आज दशमी होती, साडेसातला भरती पूर्ण, तुम्ही चढत्या पाण्यात बसलात. त्यांचा हिशोब सोपा आहे आणि कोकणात बरेच जण असाच करतात, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-पाऊण तास पुढे सरकते. हा ढोबळ अंदाज आहे, गावागणिक थोडं मागेपुढे होतं, त्यामुळे फोनवरचं त्या ठिकाणचं भरतीचं टेबलही बघा.

आता याचा फायदा कसा घ्यायचा ते सांगते. पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपास गेलात तर दुपारी भरती आणि सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी, म्हणजे नेमकं ऊन नसताना मोठ्ठी मोकळी पुळण मिळते आणि दुपारी भरती असताना बाळ घरात झोपलेलं असतं. पण ही उधाणाची भरती असते, पाणी वळलं की भराभर वर येतं, म्हणून ओहोटी पूर्ण झाली की सामान उचलायचं. आणि किनाऱ्यावर जिथे सुकलेला कचरा, शंख-शिंपल्यांची रेघ दिसते ना, चटई कायम त्या रेघेच्या वर.

ओहोटीला ओल्या वाळूत बारीक भोकं असतात आणि त्यांच्याभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी. नखाएवढी खेकडी काढतात ती, वाळूतलं खाणं चाळून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. लेक उकिडवी बसून ते बघत होती, पाऊल हललं की सगळ्या खेकड्या आत, मग श्वास धरून परत वाट बघायची. अर्धा तास! पाण्यात नेलं नाही तर मूल कंटाळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कुठलाही बीच सारखाच समजणं

कर्दे, मुरूड, आंजर्ले, दिवेआगर हे लांब आणि सपाट, बाळासाठी बरे. गणपतीपुळ्याला मंदिरासमोर समुद्र सुंदर दिसतो पण किनाऱ्याला उतार आहे आणि पाण्याला ओढ आहे, तिथे बाळाला कडेवर घेऊनसुद्धा पाण्यात उतरू नका, दर्शन घ्या, वाळूत खेळवा. गोव्यासारखे लाइफगार्ड आपल्याकडच्या बहुतेक गावांत नसतात. कातळ असेल तिथे कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या, तिथे अनवाणी नाहीच. सुरूच्या बनात सावली मस्त पण खाली ती काटेरी बोंडं पडलेली असतात, मऊ तळव्याचे सँडल हवेतच.

आणि किनाऱ्यावर गाड्या चालवतात लोक, एटीव्ही, घोडागाड्या, शनिवार-रविवारी तर फारच. वाळूत बसलेलं दोन वर्षांचं मूल गाडीतून दिसत नाही हो. आम्ही आता शनिवारी संध्याकाळी वॉटर स्पोर्ट्सच्या टोकाला फिरकतच नाही, दुसऱ्या टोकाला जातो.

समुद्राला घाबरायचं आणि वाडीत बाळाला मोकळं सोडायचं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. समुद्रावर आपण डोळ्यात तेल घालून बघतो, पण होमस्टेच्या वाडीत, म्हणजे घराभोवतीच्या बागेत, आलो की हुश्श करून खुर्चीत बसतो आणि बाळ अंगणात सुटतं. वाडीत काय काय असतं बघा: विहीर, कधी कठडा गुडघ्याएवढाच, शिंपण्यासाठी भरलेली दोण किंवा सिमेंटची टाकी, पाण्याची बादली, जांभ्या दगडाच्या खरखरीत पायऱ्या ज्यावर पडलं की गुडघा सोलून निघतो. एवढ्या लहान मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरतं आणि बुडताना आवाजही येत नाही. पोचल्या पोचल्या सामान काढायच्या आधी आम्ही वाडीला एक चक्कर मारतो, विहीर कुठे, टाकी कुठे, झाकण आहे का. बुकिंगच्या फोनवरच विचारायचं, विहिरीला जाळी आहे का? दुसऱ्या एका ठिकाणी नव्हती, मालकांना सांगितलं तर त्यांनी लगेच फळ्या टाकून दिल्या. लोक चांगले असतात, विचारावं लागतं फक्त.

नारळाखाली खाट किंवा झोपाळा बांधून बाळाला झोपवणं हे फोटोत फार गोड दिसतं, पण वरून झावळी पडते, नारळ पडतो. आंब्याखाली, पडवीत, कुठेही झोपवा, माडाखाली नको.

आणि विंचू. जांभ्याच्या गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात, लाकडाच्या ढिगात, दगडाखाली कोकणात लाल विंचू असतो आणि लहान मुलांना त्याचा दंश जास्त धोकादायक. बूट-सँडल झटकून घालायचे, रात्री अंगणात टॉर्च. मूल अचानक किंचाळून रडलं, मग उलटी, दरदरून घाम, हातपाय गार, असं दिसलं तर झाडपाला, मंत्र काही नको, १०८ ला फोन करा किंवा सरळ गाडी काढून जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला, त्यामुळे आज मुलं वाचतात, पण वेळेत पोचायला हवं. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, तुम्ही जाल तिथलं जवळचं कुठलं ते आधीच बघून ठेवा, रेंज जाते.

खाणं, पाणी, डायपर

हे पटपट सांगते. जेवण सांगताना "बाळासाठी बिनतिखट" एवढं म्हणून चालत नाही, नेमकं सांगा: सकाळी तांदळाची पेज किंवा घावन, दुपारी मऊ भात-तूप-मेतकूट. मासे देत असाल तर मुडदुशी मऊ असते, तिकडे लहान मुलांना देतातच, तरी प्रत्येक घास बोटांनी चाचपून काटे काढून द्या. कोळंबी-खेकडा पहिल्यांदाच द्यायचा प्रयोग ट्रिपवर नको. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, साबणाला फेस येत नाही, पिण्याचं पाणी वेगळं उकळून घ्या.

जुलाब झाले तर ओआरएसची चूक फार जण करतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते एका ग्लासात कालवून देऊ नका, पाकिटावर किती पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. आणि दुकानातलं गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे.

साधा डायपर समुद्रात फुगून विटेएवढा जड होतो आणि आत वाळू अडकून जांघा लाल होतात. सुती लंगोट किंवा पाण्यातला डायपर घाला, खेळून झालं की वाळू सुकू द्या, मऊ कपड्याने झटका, मग गोड्या पाण्याने अंघोळ. डोळ्यात वाळू गेली तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडायची.

कासवं दिसतीलच असं बाळाला सांगणं

वेळासला, आंजर्ल्याला साधारण मार्च-एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी घरटी तपासतात. पण पिल्लं रोज निघत नाहीत. आम्ही लेकीला "चल कासव बघायला" म्हणून पहाटे उठवून नेलं, घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली काही नव्हतं, आणि ती परत येईपर्यंत "काशव, काशव" करत रडली. पुढच्या वेळी काहीच सांगितलं नाही. दोरीच्या मागे मांडीवर घेऊन बसले होते, सहा पिल्लं सोडली, एक मध्येच थांबलं. लेक हळूच म्हणाली, "दमलं." मग लाट आली आणि ते गेलं.